दार लावून पाहिलेले

वादग्रस्त नाटक किंवा चित्रपट पाहायचा म्हणजे पूर्वी थोडे धैर्य लागे. तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागे, आणि त्या रांगेत कोण भेटेल याचा नेम नसे. मुलाचे मास्तर भेटत, कचेरीतले साहेब भेटत, क्वचित सासरेबुवाही भेटत! आता हे धैर्य कोणी मागत नाही. दार लावावे, फोन काढावा, आणि चारचौघांनी नाक मुरडलेली कलाकृती एकट्याने पाहून घ्यावी. या सोयीने आपण अधिक मोकळे झालो, की नुसते अधिक चोरटे झालो?

आधी सोयीचे ऋण मान्य केले पाहिजे. मी राहतो ती मळवली म्हणजे लोणावळ्याच्या अलीकडचे लहानसे स्थानक. थोड्या पैशांत काढलेला, अनोळखी नटांचा चित्रपट पाहायचा तर पुणे गाठावे लागे. आणि पुण्यातही असे चित्रपट आडवेळी लागत आणि लवकर उतरत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो, अशी ती कथा. २०१४ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. तरी दूरच्या गावांतल्या पुष्कळांना तो भेटला तो पुढे घरच्या पडद्यावरच. ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ तर ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि मळवलीत व मेलबर्नमध्ये एकाच दिवशी पाहता आला.

रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. नवऱ्याचे घर सोडून मुंबईत आलेली एक बाई मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत विवस्त्र बसते आणि विद्यार्थी तिचे चित्र काढतात. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवासाठी परीक्षकांनी हा चित्रपट निवडला. मंत्रालयाने तो यादीतून वगळला. परीक्षकांचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे परिनिरीक्षण मंडळाने तोच चित्रपट कात्री न लावता प्रौढांसाठी संमत केला आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तो प्रदर्शित झाला.

चित्रपटावरच एवढा पहारा का? १९७० साली अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. हलते, बोलते चित्र इतर कलांपेक्षा मन अधिक हलवते, म्हणून ते आधी तपासणे योग्य, असा त्याचा आशय. घरच्या पडद्यासाठी मात्र २०२१ च्या नियमांनी दाखवणाऱ्यालाच वयाची पाटी लावायला सांगितले. पहारेकऱ्याचे काम असे बरेचसे आपल्या घरात आले. अर्थात ही कडी सर्वस्वी आपल्याच हाती आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. संध्या सुरी यांच्या ‘संतोष’ला मंडळाची संमती मिळाली नाही, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ठरलेले त्याचे घरच्या पडद्यावरचे आगमनही थांबले.

पण माझी शंका कायद्याविषयी नाही, पाहणाऱ्याविषयी आहे. आमच्या स्थानकाच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. अंगावर वस्त्र थोडे, दागिने पुष्कळ. शेजारीच एकवीरा आईचे देऊळ. यात्रेला आलेली आजी नातवाचे बोट धरून त्या जोड्यांसमोरून जाते, आणि कोणाची मान खाली जात नाही. का? मला वाटते, ते सर्वांनी मिळून, दिवसाउजेडी पाहिलेले असते म्हणून. उजेडात पाहिलेल्या गोष्टीला लाज चिकटत नाही. काळोखात पाहिलेल्या निर्मळ गोष्टीलाही ती चिकटते.

त्याच चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दुसरा. धेनुकाकट गावचे कितीतरी दाते त्यांत आहेत. तेही एका परीने थोड्याथोड्या पैशांतून उभे राहिलेले काम! पण प्रत्येकाने आपल्या दानाखाली नाव घातले. आम्ही मात्र चित्रपट पाहतो, डोळे पुसतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्या चित्रपटाला शिव्या दिल्या की चहाचा घोट घेत गप्प बसतो. अशा मूक माणसांचा आकडा लाखांवर गेला तरी त्या चित्रपटाला कैवारी एकही मिळत नाही.

सर्वांनी दारे सताड उघडावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. मनातली गोष्ट घरात बोलायची सोय नाही अशी एखादी सून, एखादा तरुण असतो. आपल्यासारखे कोणीतरी पडद्यावर दिसणे हाच त्याचा धीर. त्याला दार लावण्याचा हक्क हवा, आणि त्याने बोललेच पाहिजे असा आग्रह क्रूर ठरेल. बोलण्याचे ऋण त्याच्यावर नाही. ज्यांचे बोलल्याने काही बिघडत नाही, त्या आपल्यासारख्यांवर आहे. घरातल्या वडीलधाऱ्याने सहज म्हटले, ‘‘मी तो चित्रपट पाहिला, मला आवडला,’’ तर त्या बंद दारामागच्या माणसाला ते ऐकू जाते.

दिवाळीत घर भरलेले असते. चकलीच्या ताटाभोवती कोण काय पाहते याच्या गप्पा निघतातच. तेव्हा दार लावून पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचे नाव घेऊन पाहावे. घटकाभर शांतता पसरेल. मग कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हणेल, ‘‘मीही पाहिलाय.’’