नावापुढचा एल

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आमचे सर एका गोष्टीवर अडून बसायचे. झाडाचं लॅटिन नाव बिनचूक लिहिलं, पण त्यापुढे ‘एल’ टाकला नाही, की अर्धा मार्क गेलाच. आंबा, पिंपळ, चिंच, नारळ, भात, सगळ्यांच्या नावापुढे तोच एल. “एल म्हणजे लिनियस. नाव त्यानं ठेवलंय, त्याचं त्याला द्या,” असं सर म्हणायचे. तीन वर्षं मी तो एल इमानेइतबारे लिहिला. हा माणूस राहत कुठे होता, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

या जूनमध्ये आम्ही दोघं स्वीडनमध्ये सायकलवर फिरत होतो. उप्साला गाव दिसण्याआधी त्याच्या कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसायला लागतात. मुलूख सपाट आहे आणि मनोरे जवळजवळ ११९ मीटर उंच. समोरून वारा होता. पायडल मारतोय, मारतोय आणि मनोरे तिथेच, असं बराच वेळ चाललं होतं. विद्यापीठ १४७७ सालचं. सुट्ट्या लागल्यामुळे गाव शांत होतं, नदीकाठी सायकलींच्या रांगा तेवढ्या उभ्या होत्या.

कॅथेड्रलमध्ये शिरून मी वर कमानींकडे बघत होतो. बायकोनं दंड धरून बाजूला ओढलं. “अरे, पायाखाली बघ.” जमिनीत एक दगडी फरशी, तिच्यावर लॅटिन अक्षरं. कार्ल लिनियस तिथे विसावलाय, १७७८ पासून. मी पटकन पाय काढला आणि सवयीनं वाकून फरशीला हात लावून तो कपाळाला नेला. सरांनी हे पाहिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्याची बाग तिथून दहा मिनिटांवर आहे. ओलोफ रुडबेक यांनी ती १६५५ साली लावली, १७०२ च्या आगीनंतर ती ओस पडली आणि १७४१ मध्ये प्राध्यापक झाल्यावर लिनियसनं ती पुन्हा उभी केली. कोपऱ्यातच त्याचं घर. बाग इतकी लहान, की सावकाश चाललं तरी एका चकरेत संपते. मला धक्का बसला तो या लहानपणाचा. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’मध्ये त्यानं तेव्हा ठाऊक असलेल्या साऱ्या पृथ्वीवरच्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, ती या एवढ्याशा जागेच्या कडेला बसून. भारतात त्यानं कधी पाऊल ठेवलं नाही.

मग आपल्या झाडांची त्याला ओळख करून दिली कुणी? बऱ्याच अंशी एका ग्रंथानं. कोचीचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी करवून घेतलेला ‘हॉर्टस मलबारिकस’, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापलेले बारा खंड. लिनियस त्यावर फार विसंबून होता. आणि त्या ग्रंथामागे होते केरळचे वैद्य इट्टी अच्युतन, त्यांच्या घरातल्या ताडपत्रांच्या पोथ्या, आणि कोचीत वसलेल्या कोकणी समाजातले तीन वैद्य: रंगा भट, विनायक पंडित, आपू भट. या तिघांनी १६७५ साली दिलेली साक्ष पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. आपण आंबोलीच्या घाटात एखादं पान चुरडून वास घेतो, तसाच कितीतरी पानांचा वास त्यांनी घेतलेला असणार. तो वास शब्दांत उतरला, शब्द लॅटिनमध्ये गेले, आणि लॅटिन शब्द उप्सालाच्या टेबलावर पोहोचले. आंब्याच्या ‘मॅन्जिफेरा’त दक्षिणेचा ‘मांगा’ अजून जसाच्या तसा बसलाय. माझा लिनियसबद्दलचा आदर यानं तसूभर कमी झाला नाही. त्या एका अक्षरात किती माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, हे मात्र बागेच्या बाकावर बसून पहिल्यांदा दिसलं. अर्धा मार्क त्यांच्यासाठीही कापायला हवा होता.

लिनियस विद्यार्थ्यांना घेऊन गावाबाहेर पायी जायचा. आसपासची कुरणं, ओढे, शेतांचे बांध हाच वर्ग. संध्याकाळी सगळे टोप्यांत फुलं खोवून, शिंगं फुंकत, ढोल वाजवत गावात परतायचे. त्या आठ वाटा आजही खुणा करून राखल्या आहेत. त्यातली डानमार्क नावाच्या खेड्यावरून जाणारी दिशा धरून आम्ही दुसऱ्या दिवशी हमारबीला निघालो, त्यानं १७५८ मध्ये विकत घेतलेल्या शेतघराकडे. अंतर पंधराएक किलोमीटर. झोपायच्या खोलीच्या भिंतींना कागद आहे तो वनस्पतींच्या रंगीत चित्रांचा. मागच्या टेकडीवर संग्रह ठेवायला बांधलेली एक दगडी खोली आहे. तिला चूल नाही, धुराडं नाही. आगीची त्याला फार धास्ती होती. उप्सालाच्या हिवाळ्यात या गारठलेल्या खोलीत बोटं कशी चालत असतील, या विचारानं मी उगाच तळहात चोळले. पुढे तो संग्रह विकला गेला, आज लंडनमध्ये आहे. खोली रिकामी असूनही मला तिथून निघवेना.

परतताना रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढी पांढरी फुलं होती, मैलभर. चढ नव्हता, घाई नव्हती. बायको सायकल थांबवून उतरली.

“हे कोण रे?”

मला नाव आठवेना. मी छत्रीसारखा एक तुरा जवळ ओढला, पानं बघितली, एक चुरडून तिच्या नाकाशी धरलं.

“नाव नाही माहीत. पण कोथिंबिरीच्या घरातलं आहे.”

तिनं वास घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. “हो की,” म्हणाली, “लांबची चुलत बहीण असेल.”