बचत रुपये २,१५०

मिस्त्रींनी आकडा सांगायला साफ नकार दिला, आणि भाऊंना ते मुळीच रुचलं नाही. सहकारी बँकेत कर्जखात्यावर उभं आयुष्य काढलेला माणूस. समोर कागद आला की आधी रक्कम बघायची, मग कारण, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"अंदाजे तरी सांगा की," भाऊ म्हणाले.

"अंदाज सांगितला की तुम्ही त्योच धरून बसणार, साहेब. आधी उघडू. पत्रा किती खाल्लाय ते उघडल्याबिगर कुणालाच कळत न्हाई."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात भाऊंची फियाट उभी होती. १९६८ सालची ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली. भाऊंच्या वडिलांनी, तात्यांनी, पैसे भरून नंबर लावला होता आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गाडी हातात यायला काही वर्षं गेली होती. पुढे १९७४ पासून हीच गाडी थोड्याफार फरकानं प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली आणि मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाला ठाऊक झाली. तात्यांच्या गाडीनं नृसिंहवाडी, जोतिबा, पन्हाळा आणि घरातल्या सगळ्या सोयरिकी बघितल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती शाहूपुरीतल्या घराच्या शेडमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर भाऊंनी ती धुतली, वाळवली, इंजिन खोलून साफ करून घेतलं. गाडी सुरू झाली. सगळ्यांना वाटलं, वाचली.

आता पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि वरात याच गाडीतून काढायची त्याची हौस होती. त्यानं यादी केली होती: पुढची दोन मडगार्डं, बॉनेट, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा आणि वर पांढरा रंग. भाऊंनी पंचाहत्तर हजार बाजूला काढले होते. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारून सगळ्याचे मिळून अडुसष्ट हजार सांगितले होते, वीस दिवसांच्या बोलीवर. भाऊ या मिस्त्रींकडे आले ते केवळ तात्यांची गाडी पूर्वी याच गॅरेजात यायची म्हणून.

मिस्त्रींनी खिशातून एक लोहचुंबक काढलं. स्पीकरमधून काढलेलं, बांगडीसारखं गोल. बॉनेटला लावलं, टक्कन बसलं. छताला बसलं. डाव्या मडगार्डाला वरच्या बाजूला बसलं, पण खाली आणल्यावर सैल पडलं. मग ते डाव्या दरवाज्याखाली टेकवलं. चुंबक घसरून जमिनीवर पडलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा पडलं.

"हितं पत्रा न्हाई. नुसती पुट्टी हाय," मिस्त्री म्हणाले.

दरवाज्याखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी पोकळ पेटी जाते, तिला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात. अॅम्बॅसेडर असो की फियाट, त्या पिढीच्या या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. अंग हाच सांगाडा. सगळं वजन, सगळे धक्के दोन्ही बाजूंच्या या पेट्या, फ्लोअर आणि खांब मिळून पेलतात. मडगार्ड सडलं तर गाडी विद्रूप दिसते. रनिंग बोर्ड सडला तर ती मधोमध वाकायला लागते. आणि नेमका हाच भाग असा, की तो नवा केल्याचं रस्त्यावरच्या एकाही माणसाला दिसत नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन पैसा कुठे घालतात हे पाहिलं, की याचं दुःख वाटतं. चकचकीत बंपर आणि कुजलेलं फ्लोअर असलेल्या गाड्या आपल्याकडे कमी नाहीत.

मिस्त्रींनी छिन्नी लावली. पुट्टीचा बोटभर जाड तुकडा निघून पडला. त्याखाली आणखी एक थर, त्याखाली गंजून लाल झालेली जाळी, आणि जाळीच्या मागून ओलसर काळा गाळ बाहेर आला. पंचगंगेचा गाळ, इतक्या वर्षांनी. पुतण्या मागे सरकला. भाऊ मात्र वाकून बघत राहिले.

आत एक जुना पॅच होता. त्याच्या कडेला रिवेट, सगळे सारख्या अंतरावर, आणि कोपऱ्यात पितळेचा टाका. मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ह्यो हात माझाच हाय, साहेब," शेवटी ते म्हणाले. "वस्ताद व्हते तवा. मी नवा व्हतो."

भाऊ घरी गेले आणि रात्री तात्यांच्या हिशोबाच्या वह्या काढून बसले. तात्यांनी गाडीवरचा पै-पैचा खर्च लिहून ठेवला होता. १९९४ सालच्या वहीत नोंद सापडली: 'फियाट, डाव्या दरवाज्याखालील पत्रा. मिस्त्री म्हणतात कापून नवा घाला, रु. २,८००. आपण वरून भरून घेतला, रु. ६५०. बचत रु. २,१५०.' बचत या शब्दाखाली दुहेरी रेघ होती.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी वही मिस्त्रींसमोर ठेवली. तोवर मिस्त्रींनी दोन्ही बाजू उघडल्या होत्या, फ्लोअरचं मॅट काढलं होतं, आणि आता ते आकडा सांगायला तयार होते. दोन्ही रनिंग बोर्ड आतल्या-बाहेरच्या पत्र्यासकट अठ्ठावीस हजार. फ्लोअरचे चार तुकडे, बावीस हजार. खांबांची सडलेली खालची टोकं आणि जॅक लावायच्या जागा, बारा हजार. एकूण बासष्ट. यात पत्र्याची किंमत किती, असं भाऊंनी विचारलं. सीआर पत्रा, खाली अठरा गेज, वर वीस गेज, अख्ख्या शीटा धरल्या तरी पाच हजारांच्या आत. बाकी सगळी मजुरी: कापायची, बेंडिंग मशीनवर वाकवून आणायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा लावायची.

जुन्या गाडीच्या पत्र्याचा खर्च लोकांना इथेच फसवतो. मुंबईच्या टॅक्सी भंगारात निघत होत्या तोवर फियाटचं मडगार्ड, दरवाजा भंगारबाजारात सहज हाताला लागायचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. आता भंगारात जे मिळतं ते स्वतःच दोनदा ठोकलेलं आणि भरलेलं असतं. मडगार्ड सहा-सात हजारांना आणाल, पण ते दरवाज्याशी आणि बॉनेटशी सारख्या फटीत बसवायला कारागिराचे जे दिवस जातात, त्यांची मजुरी मडगार्डापेक्षा जास्त होते. वस्तूचा भाव विचारून काम ठरवणारा गिऱ्हाईक म्हणूनच चुकतो.

पुतण्यानं मोबाइलवर शोधून एक तोड आणली. एका गावात पद्मिनीचं बरं अंग चाळीस हजारांना मिळत होतं. आपलं इंजिन त्यात टाकू, विषय संपला.

"आणि चॅसिस नंबर?" मिस्त्रींनी विचारलं. "त्यो अंगावरच ठोकलेला असतोय. अंग बदललं की गाडी बदलली."

भाऊंनी मान हलवली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देणारा नियम २०२१ मध्ये आला, तो त्यांनी वाचला होता. चॅसिस, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. तो विचार तिथेच मिटला.

राहिला पैशांचा प्रश्न. मिस्त्रींनी डाव्या रनिंग बोर्डाची मजुरी घ्यायला नकार दिला. भाऊ उसळले.

"तुमचा काय दोष? तुमच्या वस्तादांनी कापा म्हणून सांगितलं होतं. इथे लिहिलंय. आमच्या तात्यांनीच ऐकलं नाही."

"तात्यांनी वरनं भरा म्हणून सांगितलं, खरं हाय. पण खालची पाणी जायची भोकं बुजवा म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. पुट्टी ओढताना ती मी बुजवली. दिसायला साफ दिसावं म्हणून. आत गेल्यालं पाणी आतच ऱ्हायलं, गाळ आतच ऱ्हायला. उजवी बाजू बघा."

उजवी बाजू खरंच बरी होती. गंज होता, पण जाळी झाली नव्हती. तिकडची भोकं मोकळी होती.

दोघांची बराच वेळ हुज्जत चालली. बँकेत भाऊंनी अनेक वाद मिटवले होते, पण समोरचा माणूस स्वतःच्या नावावर रक्कम टाकायला बघतोय, असा वाद त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. अखेर डाव्या बाजूची मजुरी निम्मी, यावर सौदा झाला. तात्यांचा वाटा भाऊंनी भरायचा, आपला वाटा मिस्त्रींनी.

मग काम सुरू झालं ते घाईनं नाही. कापण्याआधी मिस्त्रींनी दरवाज्याच्या चौकटीत आडवा अँगल टाचून घेतला, कारण रनिंग बोर्ड काढल्यावर अंग बोटभर जरी बसलं तरी दरवाजे पुन्हा कधी लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू कापली. नवा पत्रा वेल्ड करण्यापूर्वी दरवाजा लावून, उघडून, पुन्हा लावून फट बघितली. आतून मेणाचा फवारा, खालून काळं कोटिंग. पुट्टी लागलीच नाही असं नव्हे. टाके घासल्यावर एक पातळ हात फिरवला, आणि तेवढ्यासाठीच पुट्टी असते.

वरातीला भाड्याची गाडी आली. पुतण्या चार दिवस धुसफुसला, मग लग्नाच्या गडबडीत विसरला. पंचाहत्तर हजारांत मडगार्डं बसली नाहीत, बॉनेट बदललं नाही, रंग तर नाहीच. उरलेल्या पैशांतून ब्रेकच्या नळ्या आणि सडलेलं वायरिंग बदललं.

गाडी न्यायला पुतण्याच आला. वर जुना विटका पांढरा रंग, डाव्या मडगार्डाला तोच पोचा, खाली काळी कुळकुळीत पट्टी. मिस्त्रींनी त्याला गाडीखाली आडवं व्हायला लावलं आणि बॅटरी दाखवून रनिंग बोर्डाच्या तळाची भोकं मोजायला सांगितली.

"दर बाजूला तीन."

"मिरग लागायच्या आधी तार घालून मोकळी करायची. दर साली. आणि धुताना पाणी हितनं बाहेर येतंय का बघायचं. न्हाई आलं तर तसाच हिकडं ये."

पुतण्या कपडे झटकत उठला. "आणि मिस्त्री, रंग कधी काढायचा?"

"एक पावसाळा जाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "दसऱ्याला घेऊन ये, मॅट उचलून बघू. कोरडं असलं तर रंगाचा भाव सांगतो."