नंदादीपाचे तेल आणि निळे घासलेट

गेल्या कार्तिकात कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ सभामंडपात मजजवळ येऊन बसले. इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात त्यांचे दोन जुने ट्रक असत. मुंबई-आग्रा रस्त्यावर माल वाहून त्यांनी संसार केला, मुलींची लग्ने केली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, “2005 च्या सुमारास दोन-अडीच वर्षे मी डिझेलमध्ये कंट्रोलचे निळे घासलेट मिसळून गाड्या चालविल्या. रोख पैसे मोजून घेतले, कुणाचे चोरले नाही. हे पाप म्हणायचे काय?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहे.

स्वस्त धान्याच्या दुकानातून, ज्याला आपण माळव्यात अजून ‘कंट्रोल’च म्हणतो, गरिबांच्या चुलीसाठी व दिव्यासाठी मिळणारे रॉकेल सरकार निळे रंगवीत असे. 1993 च्या केंद्रीय आदेशान्वये त्याचा अन्य उपयोग निषिद्ध होता. परदेशांतही ही युक्ती आहे. शेतीच्या यंत्रांसाठी करात सवलत दिलेले डिझेल ब्रिटन-अमेरिकेत तांबडे, तर आयर्लंडात हिरवे रंगवितात, आणि ते मालमोटारीच्या टाकीत सापडले की दंड होतो. आपल्याकडे त्या काळी रेशनचे रॉकेल लिटरला नऊ-दहा रुपयांस, तर डिझेल तिसांच्या वर होते. एवढी तफावत ठेवून वर सचोटीची अपेक्षा करणाऱ्या शासनालाही मी सर्वस्वी निर्दोष म्हणणार नाही. दिल्लीतील राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने 2005 मध्ये काढलेला अंदाज असा होता की, या रॉकेलापैकी सुमारे 38 टक्के भलतीकडेच जाते.

जुने इंजिन काहीही पचविते, अशी मिस्त्री लोकांची समजूत असते आणि ती काही अंशी खरीही आहे. परंतु रॉकेल डिझेलहून पातळ. डिझेलच्या पंपातील दट्ट्यांना वंगण मिळते ते त्या इंधनाचेच. रॉकेल मिसळले की ते वंगण कमी पडते व दट्टे झिजतात. आमच्या गृहस्थांचाही पंप शेवटी उघडावा लागलाच. पण तो तोटा त्यांचा त्यांनी सोसला. नीतीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

“पैसे मोजून घेतले” हे त्यांचे म्हणणे मात्र तपासून पाहिले पाहिजे. आपल्या देवळात नंदादीपासाठी कोणी तेल वाहतो. ते तेल पुजाऱ्याने घरी नेऊन त्यात वडे तळले, आणि कोणी हटकताच बाजारभावाने पैसे पेटीत टाकले, तर आपले समाधान होईल काय? तेलाला भाव असतो, पण दिलेल्या तेलाला भावाबरोबर उद्देशही असतो. इंदूरकरांना हे नव्याने सांगावयास नको. 1734 मध्ये बाजीरावांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लावून दिली, तेव्हापासून होळकरांकडे खासगी व दौलत असे दोन हिशेब चालत आले. पुढे अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी जो दानधर्म केला तो खासगीतून. दोन्हीकडचा रुपया दिसावयास सारखाच, त्याला कोणी निळा रंग दिला नव्हता. तरीही कोणता कोठला, हे त्या विसरल्या नाहीत.

गृहस्थांची दुसरी बाजू मला अधिक अवघड वाटली. ते म्हणाले, “सगळेच मिसळीत होते. भाडे ठरे ते मिसळणाऱ्याच्या खर्चावर. मी एकट्याने शुद्ध डिझेल जाळले असते, तर गाडी विकावी लागली असती.” हे खोटे नव्हते. सारा बाजारच वाकडा चालू लागला की सरळ चालणाऱ्याला आडवे यावे लागते, आणि ज्याला घरी चार तोंडे भरावयाची आहेत त्याला उपदेश करणे देवळात बसून फार सोपे असते. मी गप्प राहिलो.

मग त्यांनीच मनमाडची गोष्ट काढली. मुंबईहून मनमाडवरून थेट आपल्या इंदूरजवळच्या मांगलियापर्यंत तेलाची नळवाट आली आहे. मनमाडनजीक पानेवाडीस तेलकंपन्यांची मोठी आगारे आहेत. त्याच परिसरात 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची चोरटी भेसळ चाललेली पाहिली व तिची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. त्यांच्यावर तेथेच तेल ओतून, भर दिवसा, त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसरे दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

“मी त्यापूर्वीच सोडले होते,” गृहस्थ म्हणाले, “पण सोडले ते पंप बसला म्हणून. ती बातमी वाचली तेव्हा प्रथम वाटले, आपला एक डबा त्यात होता.” 

त्या माणसांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी त्यांना असे वाटले ते चूक, असे मला म्हणवेना. गिऱ्हाईकावाचून तो धंदा एक दिवसही चालला नसता.

अलीकडे हे सारे पालटले आहे. 2014 मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, पुढे रॉकेलवरील अनुदानही क्रमाने संपले. मिसळण्यात आता पूर्वीचा नफा उरला नाही. गृहस्थांनी ट्रकही केव्हाच विकले. त्यांनी मला विचारले, “वर्षभर नंदादीपाचे तेल मी दिले तर चालेल का?”

मी म्हणालो, “अवश्य द्या. पण देवाचे तुम्ही काही घेतले नव्हते. कंट्रोलवर डबा घेऊन उभी असलेली बाई ‘संपले’ ऐकून परत गेली, तिचे घेतले.”

“ती आमच्याच गल्लीत राहते,” ते म्हणाले. “तिचा मुलगा माझ्या गाडीवर क्लीनर होता. टाकीत घासलेट तोच ओतीत असे.”