पाच वर्षांचा नायक आणि पाच वर्षांचा प्रेक्षक

‘क्रेयॉन शिनचॅन’ ही मुलांच्या वाहिनीवर दिसणारी मालिका मुळात मुलांसाठी नव्हती. योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० साली ज्या जपानी साप्ताहिकात सुरू झाली, त्याचा वाचक प्रौढ पुरुष होता. १९९२ मध्ये टीव्ही आसाही वाहिनीने तिचे कार्टून केले. कासुकाबे या गावातले नोहारा कुटुंब, घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारा बाप, सेल लागला की धावत सुटणारी आई, तान्ही बहीण, पांढरा कुत्रा आणि पाच वर्षांचा शिन्नोसुके, म्हणजेच शिनचॅन, एवढाच तिचा पसारा. शिन्नोसुके आगाऊ आहे. ढोबळी मिरची ताटात दिसली की तोंड फिरवतो, आईचे वजन चारचौघांत काढतो, रस्त्यात तरुण मुलगी दिसली की तिच्याशी लगट करतो आणि मनात आले की चड्डी उतरवून नाचतो. जपानमधल्या पालक-शिक्षक संघटनेच्या देशव्यापी पाहणीत ‘मुलांनी पाहू नये’ अशा कार्यक्रमांत ही मालिका अनेक वर्षे वरच्या क्रमांकांवर राहिली. भारतात ती हिंदीतून आली. २००८ मध्ये सरकारी आक्षेपानंतर ती बंद पडली, आणि पुढे काटछाट होऊन परतली.

ती लहान मुलांना दाखवावी की नाही, हा वाद शास्त्रचर्चेच्या जुन्या रीतीने मांडता येतो. दाखवू नये म्हणणारा तो पूर्वपक्षी, त्याला उत्तर देणारा तो उत्तरपक्षी. मात्र त्या रीतीत पूर्वपक्ष शेवटी खोडला जायचाच असतो. इथे तसे होत नाही.

पूर्वपक्षी सुरुवात अनुकरणापासून करतो. “मूल पाहते ते करते, याला पुरावा आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेली बाहुली बदडायला लावली. मुलांनी मग तीच बाहुली तशीच बदडली. १९६३ च्या प्रयोगात तेच चित्रपटातून आणि मांजराचा वेष केलेल्या कार्टूनवजा पात्राकडून दाखवले, तरी परिणाम दिसलाच. शिनचॅन पाहणारे मूल आठवड्याभरात त्याच हेलात आईला उलट उत्तरे देऊ लागते, हे तर घरोघरचे आहे.”

“बाहुली बदडण्यासाठीच बनवलेली होती, आणि मुलांची नोंद लगेच घेतली गेली,” उत्तरपक्षी म्हणतो. “त्या प्रयोगातून स्वभाव सिद्ध होत नाही. शिवाय तुमचा नियम खरा मानला, तर आधी ‘टॉम अँड जेरी’ बंद करायला हवे. तिथे इस्त्रीने तोंड सपाट होते, शेपटीला सुरुंग लागतो, आणि आजोबा नातवाला मांडीवर घेऊन ते पाहतात. शिनचॅन कोणाला मारत नाही, मार तोच खातो. तो मोठ्यांची लाज काढतो, ही तुमची खरी तक्रार आहे. म्हणजे प्रश्न मुलाच्या हिताचा कमी आणि मोठ्यांच्या मानाचा जास्त.”

हा टोला वर्मी बसणारा आहे, पण पूर्वपक्षी डगमगत नाही. “मोठ्यांचा मान राहू द्या बाजूला. पाच वर्षांच्या मुलाचे नीतिशास्त्र ते केवढे असणार? दुसऱ्याचे हिसकावू नये, ताटात टाकू नये, आल्यागेल्याशी नीट बोलावे. तुम्ही ज्याला शिष्टाचार म्हणून उडवून लावता, तीच त्याची सगळी नीती आहे. आणि त्या मुली? पाच वर्षांचा मुलगा अनोळखी तरुणीच्या मागे लागतो आणि ते गोड ठरते. मुलीला नको असताना तिच्या मागे लागणे ही गंमत असते, हेच त्यातून बिंबते.”

या शेवटच्या मुद्द्याला उत्तरपक्षाकडे उत्तर नाही, आणि तो ते मान्य करतो.

पुढे जाण्याआधी ‘अयोग्य’ या सदराखाली काय काय एकत्र बांधले जाते ते सुटे करावे लागते. काही इजा थेट शरीराला होते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश अतिशय वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, दवाखान्यात न्यावे लागले. तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. अशा ठिकाणी वाद संभवत नाही. काही इजा मुलाच्या परिसरावर ठरते. ‘पेपा पिग’ या ब्रिटिश मालिकेच्या एका भागात कोळ्याला घाबरू नये, तो काही करत नाही, असे मुलांना समजावले आहे. ब्रिटनमध्ये हा धडा भीती घालवणारा आहे. ऑस्ट्रेलियात विषारी कोळी घराच्या अंगणात निघतात, म्हणून तिथल्या सार्वजनिक वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग मागे घेतला. चित्र तेच, संवाद तेच. कोकणातल्या एखाद्या घरी मुलाला कोणी विंचवाशी दोस्ती करायला शिकवले, तर तिथेही हेच होईल.

तिसरा प्रकार गतीचा. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले होते. एकाने ९ मिनिटे ‘स्पंजबॉब’ पाहिले, दुसऱ्याने एक संथ शैक्षणिक कार्टून, तिसऱ्याने चित्रे काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, जिथे मन आवरून काम करावे लागते तिथे, पहिला गट मागे पडला. वाहिनीने उत्तर दिले की ही मालिका ६ ते ११ वयासाठी आहे. उत्तर पळवाटेचे वाटते खरे, पण नेमकी खोच त्यातच आहे. मालिकेचे वय वाहिनी ठरवते, आणि रिमोट चार वर्षांच्या मुलाच्या हाती असतो.

शिनचॅन या तिन्ही कप्प्यांत नीट बसत नाही. त्याची अडचण वेगळी आहे, आणि ती दाखवायला उत्तरपक्षी याच मालिकेवरच्या २००१ च्या चित्रपटातला एक प्रसंग पुढे करतो. गावातले सगळे मोठे लोक जुन्या दिवसांच्या मोहात अडकून मुलांना विसरले आहेत. शिन्नोसुकेचा बापही लहान मूल होऊन बसला आहे. मुलगा त्याच्या नाकाशी त्याच्याच घामट बुटाचा वास धरतो. त्या वासासरशी बापाला सगळे आठवते: स्वतःच्या वडिलांची सायकल, शहरातली पहिली नोकरी, ऑफिसातली बोलणी, लग्न, मुलाचा जन्म, उशिरा घरी परतण्याच्या रात्री. तो मुलाला घट्ट धरून रडतो.

“ही मालिका असभ्य म्हणायची की कुटुंबावर इतकी माया करणारी?” उत्तरपक्षी विचारतो. “मध्यमवर्गीय संसाराचे इतके खरे चित्र मुलांच्या कोणत्या कार्टूनमध्ये आहे? इथली आई दमते, चिडते, पैसे लपवते, दुपारी घोरत पडते. तुम्हाला हवी असलेली आदर्श आई मुलाने कधी पाहिलेलीच नसते.”

“मग तुमच्याच प्रसंगात पाच वर्षांचे मूल काय पाहते ते सांगा,” पूर्वपक्षी म्हणतो. “ते पाहते घाणेरडा बूट, आणि फिदीफिदी हसते. बापाचे रडणे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.”

इथे दोन्ही पक्ष नकळत एका जागी येतात. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात देवांच्या भांडणांच्या कथा मुलांपासून दूर ठेवायला सांगितले, त्यामागे हेच कारण होते: कथेत आडून काय सुचवले आहे आणि सरळ काय म्हटले आहे, हे कोवळ्या वयाला वेगळे करता येत नाही. शिनचॅनचा विनोद सगळा आडून आहे. मूल बोलते आणि उघडे पडतात मोठे. हे अंतर दहा वर्षांच्या मुलाला बऱ्यापैकी कळते, कारण शिन्नोसुके त्याला आता ‘बारका’ वाटतो. पाच वर्षांच्याला तो आपल्यातला वाटतो. नायकाचे वय ज्या प्रेक्षकाला ओढून आणते, त्यालाच ही मालिका सर्वांत कमी मानवते.

“तर मग काटछाट पुरे की,” असा एक मधला मार्ग पूर्वपक्षी सुचवतो. आपल्याकडच्या केबल प्रसारणाच्या १९९४ च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांतून वाईट भाषा आणि उघड हिंसा वगळण्याची तरतूद आहेच. पण कात्री दिसणाऱ्या गोष्टींवर चालते. नागडा नाच जातो, एखादे वाक्य बदलते, आईने दिलेल्या टपलीचे टेंगूळ मात्र बहुधा राहते, आणि उद्धटपणा तर प्रत्येक संवादात भिनलेला असतो. उलट कात्रीमुळे एक वाईट गोष्ट घडते: मालिकेवर ‘मुलांची’ असा शिक्का बसतो आणि पालक निर्धास्त होतात.

उत्तरपक्षी पंचतंत्राचा दाखला देतो. मगरीला माकडाचे काळीज खायचे असते, आणि ही गोष्ट तीन वर्षांच्या मुलालाही सांगितली जाते. फरक इतकाच की सांगणारी आजी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत असते. ते घाबरले तर ती मगरीला लवकर मूर्ख ठरवते, मूल हसले तर अजून रंगवते. “तसे कोणी शेजारी बसले, तर शिनचॅनही चालेल,” तो म्हणतो. पूर्वपक्षी व्यवहारावर बोट ठेवतो: आई-बाबा कामावर, आजी-आजोबांना ती घाईची हिंदी नीट उमगत नाही, आणि वाहिनी दुपारभर तेच ते भाग फिरवत असते. शेजारी बसायचे कोणी आणि किती वेळ? २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर ७, १३, १६ वर्षांवरील असे वयोगट आणि पालकांसाठी कुलूप आणले, पण कुलूप घालणारे माणूस लागतेच, आणि दिवाणखान्यातल्या केबलच्या टीव्हीला ते लागू नाही.

राहतो तो एकच टीव्ही आणि दोन मुले असलेल्या घराचा प्रश्न. थोरला दहाचा, धाकटी पाचची. थोरल्याला ही मालिका दाखवायला उत्तरपक्षाची हरकत नाही आणि फारसा आग्रह धरला तर पूर्वपक्षाचीही नाही. धाकटी मात्र त्याच खोलीत आहे. निवाडा तिच्या वयाला धरून करावा, असे पूर्वपक्षी म्हणतो. थोरल्यावर त्यात अन्याय होतो, हे तो नाकारत नाही. उत्तरपक्षी त्यावर एवढेच सुचवतो की धाकटी झोपल्यावरची वेळ थोरल्याला द्यावी, आणि ती वेळ अभ्यासाची असली तर तो तंटा आई-बाबांनी मिटवावा.