मऊ गाण्यानं कोण बाटतं?

प्रश्न साधा आहे. कठीण वाजवणाऱ्या माणसानं सोपं, हळुवार गाणं म्हटलं, तर तो घसरला म्हणायचं की मोकळा झाला म्हणायचं? हा प्रश्न मी इंग्लंडच्या एका बँडच्या निमित्तानं मांडतोय. त्या बँडच्या चाहत्यांत यावरून दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. आपला काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. शेवटी सांगतो.

बँडचं नाव इमर्सन, लेक अँड पामर. १९७० साली तिघे एकत्र आले. कीथ इमर्सन ऑर्गन, पियानो आणि मूग सिंथेसायझरवर. कार्ल पामर ड्रमवर. ग्रेग लेक बास आणि गिटार वाजवायचा आणि गायचा. यांच्या जातीच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट यांनी मोडली. १९७१ चं 'टार्कस' घ्या. रेकॉर्डची एक अख्खी बाजू, वीस मिनिटांच्या वर. सुरुवातच पाच मात्रांत, म्हणजे पाय ठेका धरायला गेला की लंगडतो. त्याच वर्षी यांनी मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची रचना रॉकमध्ये वाजवली. १९७३ च्या 'ब्रेन सॅलड सर्जरी'त अर्जेंटिनाच्या जिनास्तेरा यांचा पियानो कंचेर्टो घेतला. सगळा मामला अवघड, वेगवान, दणदणीत.

आणि याच रेकॉर्डींवर मध्येच लेक गिटार घेऊन एखादं हळुवार गाणं म्हणतो. १९७० चं 'लकी मॅन', १९७२ चं 'फ्रॉम द बिगिनिंग', १९७३ चं 'स्टिल... यू टर्न मी ऑन', १९७७ चं 'से ला वी'. यांना बॅलड म्हणतात.

इथं भांडण सुरू होतं. पहिला तट म्हणतो, ही साखर आहे. रेडिओवर वाजावं, रेकॉर्ड खपावी म्हणून पेरलेली. आम्ही इमर्सनची बोटं ऐकायला आलो, आणि हा पोरींना रडवायला बसला. दुसरा तट म्हणतो, अहो, बोटांची कसरत सर्कशीतही दिसते. या बँडमध्ये माणूस माणसाशी बोलतो तो फक्त या चार-पाच मिनिटांत.

दोन्ही तटांना मी एकच गाणं पुढं करतो. 'लकी मॅन'. लेक सांगायचा की आईनं त्याला बाराव्या वर्षी गिटार घेऊन दिलं, आणि पहिले जे दोन-चार कॉर्ड शिकला त्यांतच हे गाणं बसवलं. पुढं बँडच्या पहिल्या रेकॉर्डला एक गाणं कमी पडलं. कुणाकडं काही नव्हतं, तेव्हा लेकनं हे पोरवयातलं गाणं काढलं. इमर्सनला त्यात रस वाटला नाही. लेक आणि पामर यांनीच ते बांधत आणलं. नंतर इमर्सननं शेवटाला मूगवर एक तुकडा वाजवला. सहज वाजवून बघितला, आणि तोच कायम राहिला. आज ते यंत्र रॉकमध्ये कसं शिरलं हे सांगताना लोक याच तुकड्याचं उदाहरण देतात.

म्हणजे बघा. गाणं जागा भरायला आलं, हे पहिल्या तटाचं म्हणणं खरं. आणि ते बारा वर्षांच्या पोराच्या पोटातून आलं, हे दुसऱ्या तटाचंही खरं. तेव्हा गाणं कुठून आलं, कशासाठी आलं यावरून त्याची किंमत ठरत नाही. ते काय सांगतं हे पाहावं लागतं.

ते सांगतं एका श्रीमंताची गोष्ट. घोडे, बायका, मऊ बिछाना, सगळं आहे. लोक त्याला नशीबवान म्हणतात. मग तो लढाईवर जातो, गोळी लागते, मरतो. पैसा वाचवत नाही. बस्स. चाल इतकी शांत की गोळी लागली तरी गाणारा आवाज चढवत नाही. ओरडून सांगितलं असतं तर ती नुसती बातमी झाली असती. हळू सांगितलं म्हणून ती आत जाऊन बसते. यात मऊ आहे ती चाल. गोष्ट दगडासारखी आहे.

आपल्याला हे नवीन नाही. १८९४ साली अ‍ॅकवर्थ या इंग्रजानं आपल्या पोवाड्यांची भाषांतरं छापली, ती 'बॅलड्स' याच नावानं. बॅलड म्हणजे मुळात गाऊन सांगितलेली गोष्ट. तिचा अर्थ 'गुळचट प्रेमगीत' असा झाला तो पुढं.

मग पहिल्या तटाला सोपेपणाचा एवढा राग का? मला वाटतं, त्यामागं एक उतरंड आहे. रॉकचं मूळ ब्लूजमध्ये, अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यात. तीन कॉर्डांचं, उघडं गाणं. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांनी त्याला युरोपच्या मैफिलीतल्या संगीताशेजारी नेऊन बसवलं. चांगलं केलं, नवे आवाज दिले. पण चाहत्यांनी त्यातून एक सोवळं तयार केलं. अवघड ते उच्च, सोपं ते हलकं. पाच मात्रा शुद्ध, चार मात्रा बाटलेल्या. आणि ज्याला जे काम नेमून दिलंय त्यानं तेच करावं: तू दणका दे, रडायचं काम तुझं नाही.

रॉकच्या भांडणात कुणाचं पाणी तोडत नाहीत, कुणाचं घर जाळत नाहीत, हे मला माहीत आहे. जातीची जखम मी असल्या तंट्याला चिकटवणार नाही. पण विचार करायची रीत ओळखीची वाटते, एवढं म्हणतो.

आणि कान कुणाचा, हेही बघा. मी गिरणीत सांच्यांमध्ये उभा असतो. आठ तास लोखंडाचा आवाज. शेजारचा हाक मारतो ती ऐकू येत नाही, ओठ वाचावे लागतात. पाळी सुटल्यावर मी मोबाइलवर 'टार्कस'ही ऐकतो, आवडीनं ऐकतो. पण हळू आवाज ऐकू येणं ही माझ्यासाठी चैन नाही. माझे कान अजून शाबूत आहेत याची ती खात्री आहे. ज्याच्या घरी शांतता फुकट मिळते, त्याला दणका म्हणजे बंड वाटतो. माझ्याकडं दणका पगारात मिळतो.

याचा अर्थ मऊ ते सगळं चांगलं असाही नाही. १९७८ साली याच बँडनं 'लव्ह बीच' काढली. तिघे थकले होते, एक रेकॉर्ड देणं लागत होतं. मुखपृष्ठावर तिघे गुंड्या सोडून समुद्राकाठी हसताहेत. त्यातला मऊपणा बाजाराच्या मापानं कापलेला आहे, आणि तिथं पहिल्या तटाचं म्हणणं मला पटतं. पण नीट पाहा, तिथं दोष मऊपणाचा नाही. सांगण्यासारखं काही नसताना तोंड उघडलं, हा दोष आहे. आणि हाच दोष दणक्यातही असू शकतो. वीस मिनिटं वाजवूनही माणूस काहीच न बोलता उठू शकतो.

आता आपल्याकडं येतो. मला एका संपादकानं कविता परत पाठवली. लिहिलं होतं, प्रेमाचं काय लिहिता, तुमच्याकडून आग पाहिजे. दोस्तहो, हे कौतुक नाही. ही नेमणूक आहे. पूर्वी काम नेमून दिलं होतं, आता भावना नेमून देतात. राग तुमचा, चांदणं आमचं.

अण्णा भाऊ साठ्यांनी ही नेमणूक मानली नाही. ते मुंबईत आले, गिरणीत राबले, लाल बावट्याच्या कलापथकात गायले. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड काय आहे? गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं व्याकूळ झालेला कामकरी. त्या विरहातूनच ते संयुक्त महाराष्ट्रात, बेळगाव-कारवारात शिरतात. बायकोची ओढ आणि लढा यांची फारकत करायला गेलात तर गाणंच फाटतं.

इमर्सन आणि लेक दोघेही २०१६ साली गेले. चाहते अजून भांडतात, कुणाला शेवटचा मूग तेवढा हवा, कुणाला त्याच्या आधीचं गाणं तेवढं हवं. पण रेकॉर्डवर दोन्ही एकाच गाण्यात आहेत. कठीण आणि मऊ शेजारी बसलेत, आणि कोणी बाटलेलं नाही.

तेव्हा गाण्याला, कवितेला विचारायचं ते एवढंच: खरं बोलतोस का? खरं असेल तर ओरडून बोल, नाहीतर कानात बोल. आमचा राग आमचा आहे, आणि आमचं चांदणंही आमचंच आहे. ते कुणाच्या परवानगीनं उगवत नाही.