दुसरे बालपण कोणाच्या सोयीचे?

21 सप्टेंबरला, म्हणजे जागतिक अल्झायमर दिनी, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक चित्र येते. सुरकुतलेल्या तळहातावर इवलासा हात, आणि खाली मजकूर : विसरणारे आईवडील म्हणजे पुन्हा लहान झालेली मुले. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. यंदा एका भाच्याने त्यात भर घातली, की पूर्वी एकत्र कुटुंबात हा रोगच नव्हता, सुना घराबाहेर पडल्या आणि... पुढचे लिहीत नाही. हेतू दोन्हींचा चांगलाच असणार. पण पहिल्या वाक्याने म्हाताऱ्या माणसाचे बोलणे बाद होते, दुसऱ्याने घरातल्या बाईवर खापर फुटते, आणि ही दोन्ही कामे 'दुसरे बालपण' ही एकच कल्पना करते.

कल्पना जुनी आहे. ॲरिस्टोफेनिसच्या नाटकात ती सापडते, शेक्सपिअरने माणसाच्या सात अवस्थांतली शेवटची तीच ठरवली, आणि आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' आहेच. इथे रेंगाळायला नको. म्हाताऱ्यांना हसण्यात कोणताच समाज मागे नव्हता. 'स्मृतिभ्रंश' या शब्दापाशी मात्र क्षणभर थांबू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो आसक्ती, काम, क्रोध, संमोह या उतरंडीवर. तिथे विसरणे हे रागाचे फळ आहे, म्हणजे जवळजवळ दोषच. मेंदूच्या आजाराला आपण नेमका हाच शब्द दिला, आणि त्यातला आरोप तसाच राहून गेला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. 1901 साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर ही एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. ती गेल्यावर 1906 मध्ये अलॉइस अल्झायमरने तिच्या मेंदूत काय दिसले ते मांडले. 1910 मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचे नाव दिले. नंतर कित्येक दशके हे नाव अकाली विसरणाऱ्यांपुरतेच होते. सत्तरीतल्या माणसाचे विसरणे म्हातारपणात जमा. 1976 मध्ये न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी हे दोन आजार वेगळे नाहीत असे ठामपणे लिहिले, आणि 'म्हातारचळ' हा रोग झाला.

हे वळण सगळे एकाच पद्धतीने वाचतात : आधी अज्ञान आणि टिंगल, नंतर विज्ञान आणि करुणा. मला हे वाचन निम्मेच खरे वाटते, आणि त्याचे कारण वाराणसीत आहे.

काशीला माणसे मरायला येतात हे जगाला माहीत आहे. तिथे ती म्हातारी होऊन वर्षानुवर्षे जगतात हे फारसे कोणी पाहत नाही. लॉरेन्स कोहेन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ते पाहिले. 1980च्या दशकात तो वाराणसीच्या वेगवेगळ्या वस्त्यांत राहिला : बंगाली टोला, नगवा ही दलित वस्ती, मध्यमवर्गीयांच्या कॉलन्या. 1998 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'नो एजिंग इन इंडिया'. शीर्षकच वाचून थांबणाऱ्यांनी त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार करून टाकले, की बघा, भारतात सेवा आहे म्हणून अल्झायमर नाही. पुस्तकाचे उपशीर्षक वाचले असते तरी घोटाळा टळला असता, कारण त्यात 'वाईट कुटुंब' हे शब्द आहेत. कॉलनीतली माणसे ज्या कहाणीने म्हातारपण समजावून सांगत (पूर्वी घरे चांगली होती, आता बिघडली, म्हणून म्हातारे बिघडले), त्या कहाणीचीच त्याने चिकित्सा केली आहे. माझ्या भाच्याचा फॉरवर्ड त्यात आधीच येऊन गेला आहे. आणि नगव्यात तर ही कहाणी नव्हतीच. तिथे लोक 'कमज़ोरी' म्हणत. जन्मभर पोटाला कमी आणि अंगावर ओझे जास्त, त्यात सुनेच्या वागण्याचा काय हिशेब?

कोहेनचे एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. बनारसी माणसाच्या लेखी म्हाताऱ्याचे बिनसल्याची खूण विसरणे ही नव्हती. खूण होती आवाज. तापलेले डोके, चिडचिड, एकसारखी बडबड. त्याला ते 'सठिया गए' म्हणत. आपल्या 'साठी बुद्धी नाठी'चा हा सख्खा भाऊ. आता हे जरा उलटून पाहू. तान्ह्या मुलाला कोणी 'सठिया गया' म्हणत नाही. हा शब्द भांडणातला आहे, आणि भांडण बरोबरीच्या माणसाशी होते : वाटणीवरून, मानावरून, ताटात काय वाढले यावरून. शब्द क्रूर होता यात शंका नाही, पण समोर भांडणारे प्रौढ माणूस आहे हे तो मान्य करीत होता. रोगाच्या नावाने ती शिवी गेली, हे चांगलेच झाले. तिच्याबरोबर भांडणाचा हक्कही गेला, हे कोणी नोंदवले नाही. आता आजोबा ओरडले की ते 'लक्षण'. ओरडण्यामागे भाजी खरेच खारट आहे का, हे कोण चाखून पाहतो?

या रिकाम्या जागेत 'दुसरे बालपण' पुन्हा आले, आणि या वेळी पांढरा कोट घालून. बॅरी राइसबर्ग यांनी 1980च्या दशकात आजाराच्या सात पायऱ्या मांडल्या आणि पुढे त्या बालविकासाच्या उलट्या क्रमाशी जुळवल्या. कपडे घालता न येणे ही सहाव्या पायरीची सुरुवात, सातवी म्हणजे तान्हेपण. कोणाला किती मदत लागेल याचा अंदाज घ्यायला ही शिडी उपयोगी आहे. मी तिच्यावर रागावलेलो नाही. पण मदतीचे माप म्हणजे वय नव्हे.

माझी आत्या लग्न होऊन काशीला गेली. ब्रह्माघाटाजवळच्या मराठी वस्तीत तिची साठ वर्षे गेली. विसरायला लागल्यावर घरच्यांनी सोयीसाठी तिला गाऊन दिला. तिला तो घालता येईना. बाहीत डोके घाली, मग चिडे. म्हणजे सहावी पायरी. पुढे कंटाळून कोणीतरी तिचे जुने नऊवारी हातात ठेवले, तर तिने निऱ्या काढल्या, कासोटा खोचला. खांद्यावर पदर घ्यायला तेवढी मदत लागली. ब्रेंडा मिल्नर यांनी 1962 मध्येच दाखवले होते, की आपण हे काम पूर्वी केल्याचे आठवत नसलेल्या माणसाचा हात ते काम शिकत जातो. मग साठ वर्षांचा सराव असलेल्या हाताचे काय सांगावे? तीच आत्या सकाळी पुरणपोळी लाटायची, आणि दिवेलागणीला 'मला घरी न्या' म्हणून दाराशी बसायची. एकाच दिवशी ती कितव्या पायरीवर होती?

क्षमता अशी माणसाच्या आत ठरावीक मापाने भरलेली नसते. ती वस्त्रावर, वेळेवर आणि समोर कोण आहे यावर अवलंबून असते. टॉम किटवुड यांनी 1997 मध्ये इंग्लंडात हेच हिरिरीने मांडले आणि आपले तज्ज्ञ त्यांना आदराने उद्धृत करतात. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मात्र त्याच सुमारास आपल्याच मातीत एक काम झाले, ते कोणी फारसे सांगत नाही. शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिथे स्मरणाची चाचणी हिंदीत नव्याने बांधली. शंभरातून सात नव्हे, विसातून तीन वजा करायला सांगितले. शिवाय घरच्यांना रोजच्या व्यवहाराचे प्रश्न विचारले : जेवल्याचे विसरतात का, गावात वाट चुकतात का. आठवते काय यापेक्षा जमते काय, याला तिथे मान मिळाला.

कायदाही तिथवर आला आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा बिघाड येतो, आणि उपचारांच्या निर्णयाबाबत तोच कायदा सांगतो, की इतरांना चुकीचा वाटणारा निर्णय घेतला एवढ्यावरून माणसाला अक्षम ठरवता येत नाही. लहान मुलाला कायदा हे म्हणत नाही. भारतात साठीपुढच्या साधारण 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया आहे असा 2023चा अंदाज आहे. ही 88 लाख मुले नव्हेत.

आत्याला एकदा तपासणीला नेले होते. कुठे ते सांगत नाही. जन्माष्टमी नुकतीच होऊन गेली होती. समोरच्या तरुणाने विचारले, महिना कोणता? ती म्हणाली, श्रावण. तो हसला, 'माताजी, भादों चल रहा है' म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. वद्य पक्षात काशीच्या रस्त्यावर भाद्रपद असतो आणि ब्रह्माघाटाच्या मराठी घरात श्रावण. साठ वर्षे ती दोन्ही पंचांगे सांभाळत आली होती. बाहेर आल्यावर ती रिक्षात बराच वेळ तणतणत होती, आणि आम्ही तिला उगी उगी करीत होतो.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. महिन्यापुढे शून्य आहे.