सोयरिकीचा धडा

बीदर, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या कॉलेजात बी.ए.ला आलेली मुले समाजशास्त्र बहुधा आवडीने घेत नाहीत. इतिहास, राज्यशास्त्राच्या जोडीला ते येते. मराठी शाळेतून आलेल्यांना तर आधी कन्नडशी झुंजायचे असते. मग समाजाच्या चार व्याख्या आणि कॉम्त, ड्यूर्केम, वेबर ही नावे परीक्षेपुरती घोकून मोकळे व्हावे, एवढेच त्यांना सुचते. याचे मला फार वाईट वाटते. कारण हा विषय शिकायला या सीमाभागातल्या वर्गाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

'विवाह आणि कुटुंब' हे प्रकरण घ्या. लग्न कुणाशी चालते, एवढेच वर्गात विचारा. मराठा मुलगा सांगेल, मामाची मुलगी चालते. चुलत आणि मावस बहिणी मात्र सख्ख्यासारख्या. शेजारचा कन्नड घरातला मुलगा सांगेल, आमच्यात थोरल्या बहिणीची मुलगीही करतात. सख्खा मामा नवरा होतो हे ऐकून मराठी मुलीच्या अंगावर काटा येतो. मागच्या बाकावरच्या मुस्लिम मुलाच्या घरी चुलत भावंडांचा निकाह झालेला असतो. ते ऐकून आधीचे दोघेही चमकतात. आणि बाजारपेठेतल्या मारवाडी घरात यातले काहीच चालत नाही. प्रत्येकाला आपली रीत तेवढी स्वाभाविक वाटते, दुसऱ्याची पाप वाटते. रीत ही माणसांनी घातलेली असते, हे त्या तासाला जितके लख्ख कळते तितके कुठल्याही व्याख्येने कळत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली नातेसंबंधांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात, कर्नाटक दक्षिणेत. या दोन विभागांच्या रीती बीदरमध्ये एकाच गल्लीत नांदतात. राज्याची हद्द तर अलीकडची. उदगीर, निलंगा, अहमदपूर १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, आणि हद्द बदलली म्हणून सोयरिकी तुटल्या नाहीत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही मामा-भाची आणि आते-मामे भावंडांचा विवाह निषिद्ध ठरवला, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मुभा ठेवली.

मात्र 'ज्याची त्याची रीत' म्हणून तास संपवणे मला मान्य नाही. आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. लग्न नात्यातले असो वा नात्याबाहेरचे, जातीबाहेरचे घरात चालेल का? इथे बहुतेक बाकांवरून एकच उत्तर येते. आतले वाफे वेगवेगळे, बाहेरचे कुंपण तेच. डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात वाचलेल्या निबंधात नेमके याच कुंपणावर बोट ठेवले: जातीतच लग्न करण्याचे बंधन हेच जातीचे सार. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, या मुलांपेक्षा थोडेच मोठे.

आणि हे कुंपण मोडण्याची गोष्ट तर इथलीच आहे. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला, असे शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, परंपरा सांगते. बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला, शरण पांगले. त्याच भूमीत अंतर्विवाहाची व्याख्या दोन गुणांसाठी पाठ करून विसरली जावी, हे मला सहन होत नाही.

मुलींच्या बाजूने तर हे प्रकरण अजून उघडलेलेच नाही. 'मामाचे घर ओळखीचे, जमीन घरातच राहते' असे म्हणून ठरवलेल्या लग्नात कॉलेज कुणाचे सुटते? होकार कुणाला विचारला होता? हे प्रश्न घरात विचारता येत नाहीत. वर्गात विचारता येतात.

म्हणून या भागातल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पहिल्या सत्रातल्या अंतर्गत गुणांसाठी नोट्समधून उतरवलेला निबंध घेऊ नका. प्रत्येकाला आपल्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्ने लिहून आणायला सांगा: कुणाशी, कुठल्या गावी, कितव्या वर्षी, शिक्षण किती झाले होते, आणि ठरवले कुणी. आजी ज्या भाषेत सांगेल त्याच भाषेत ते लिहू द्या, आणि त्याला पूर्ण गुण द्या.